जिंकून येणार की जागा विकत घेऊन?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये एनबीए (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) आणि फिबा (बास्केटबॉलची जागतिक संघटना) यांनी युरोपात मिळून नवी व्यावसायिक लीग काढायचा विचार असल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून कोणते क्लब येणार, किती पैसा येणार एवढीच चर्चा ऐकू येते. मी बरीच वर्षं बास्केटबॉल खेळलोय, आता मॅचला स्कोअररच्या टेबलवर बसतो, मला मात्र आधी वेगळंच विचारावंसं वाटतं. अशा लीगमध्ये टीम येणार कुठून? घरची लीग जिंकून की जागा विकत घेऊन?

कारण याच दोघांनी आफ्रिकेत जे केलं ते मला मनापासून आवडलंय. बास्केटबॉल आफ्रिका लीग २०२० मध्ये सुरू व्हायची होती, कोविडमुळे लांबली आणि मे २०२१ मध्ये रवांडात किगालीला सुरू झाली. १२ देशांच्या १२ टीम, त्यातल्या ६ देशांचे चॅम्पियन थेट आले आणि बाकीच्या ६ टीमना पात्रता फेरी खेळून यावं लागलं. परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती त्यामुळे घरचे पोरं बेंचवरच बसून राहिले असं झालं नाही. पहिल्या वर्षी इजिप्तचा झमालेक जिंकला. अंगोलाचा पेत्रो दे लुआंडा २०२२ ची फायनल हरला, परत आपल्या देशातली लीग जिंकून आला आणि २०२४ मध्ये चॅम्पियन झाला. हे बघताना अंगावर काटा येतो हो, कारण त्या ट्रॉफीच्या मागे घरच्या लीगमधल्या साध्यासुध्या मॅचेस पण असतात, आणि तिथे खेळणाऱ्या प्रत्येक टीमला वाटतं की पुढच्या वर्षी आपणही जाऊ शकतो.

अजून एक शहाणपणा म्हणजे पहिला सीझन पूर्ण किगालीतच खेळवला आणि दुसऱ्या वर्षी डाकार, कैरो आणि किगाली अशी तीन ठिकाणं घेतली. प्रवास हा अशा लीगचा मोठा खर्च आणि खेळाडूच्या गुडघ्यांचा शत्रू. युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबच्या सध्याच्या लीगमध्ये, २०२५-२६ पासून २० टीम झाल्या म्हणजे ३८ राऊंड, वर प्रत्येक क्लबच्या देशातली लीग वेगळी, आज या देशात मॅच, परवा दुसऱ्या देशात, मग सराव करायचा कधी आणि झोपायचं कधी.

पैशाचंही तसंच आहे. एनबीएने १९९५ मध्ये कॅनडात टोरांटो आणि व्हँकुव्हर अशा दोन टीम सुरू केल्या, तिकिटांचा पैसा कॅनडाच्या डॉलरमध्ये यायचा आणि खेळाडूंचा पगार अमेरिकन डॉलरमध्ये जायचा. टीम हरतही होती हे खरं, पण कॅनडाचा डॉलर घसरला तसा तोटा वाढत गेला आणि २००१ मध्ये व्हँकुव्हरची टीम मेम्फिसला गेली. तिथल्या प्रेक्षकांचा काय दोष होता सांगा. जितके देश तितकी चलनं, तितके टॅक्स, हे हिशेब लीग सुरू व्हायच्या आधीच मांडायला हवेत.

आणि भांडणं. २००० मध्ये युरोपातले बरेच मोठे क्लब फिबापासून वेगळे झाले आणि एकाच सीझनमध्ये युरोपात दोन मोठ्या लीग चालल्या, एकीत किंडर बोलोन्या चॅम्पियन तर दुसरीत मक्काबी तेल अवीव, आणि या दोघांत भारी कोण ते कोर्टवर ठरलंच नाही. आजही राष्ट्रीय टीमच्या पात्रता सामन्यांसाठी फिबा नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत तारखा ठेवते आणि युरोलीगचं वेळापत्रक त्याच्याशी अनेकदा जुळत नाही, मग क्लबकडून खेळायचं की देशाकडून हा पेच खेळाडूच्या डोक्यावर. नवीन लीग आली की तो अजून वाढणार, म्हणून आधी कॅलेंडर एकत्र बसून ठरवा आणि मग उद्घाटनाची तारीख सांगा असं मला वाटतं.

या नव्या लीगच्या आराखड्यात बहुतेक टीम कायमच्या आणि थोड्याच जागा जिंकून येणाऱ्यांसाठी असं दिसतंय. माझी कळकळीची मागणी आहे की निदान निम्म्या जागा तरी खुल्या ठेवा. आणि संपादक साहेब, आपल्यालाही विनंती, अशी बातमी छापताना स्टार खेळाडूंच्या नावांसोबत टीम कशा निवडल्या आणि घरच्या लीगचं पुढे काय होणार हे पण दोन ओळीत द्या, आमच्यासारखे वाचक आधी तेच शोधतात.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक