रोझेनवाल्ड यांच्या शाळा आणि गावाचा वाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला एका कंपनीने दोन खोल्या बांधून दिल्या. उद्घाटनाला मंडप पडला, हारतुरे झाले, फलकावर पाहुण्यांची नावे कोरली गेली. पहिल्याच पावसाळ्यात छत गळायला लागले, पण गावातले कुणी वर चढले नाही. 'कंपनीची खोली आहे, कंपनी बघेल,' एवढेच ऐकायला मिळाले. तेव्हापासून ज्युलियस रोझेनवाल्ड या माणसाची फार आठवण येते, म्हणून हे पत्र.

रोझेनवाल्ड हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबातले. जन्म १८६२ चा, इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डचा. कपड्यांच्या धंद्यातून ते सीअर्स रोबक कंपनीत आले आणि टपालाने घरोघर माल पोचवणाऱ्या या कंपनीचे पुढे प्रमुख झाले. १९११ मध्ये त्यांची भेट बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी झाली. वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय, जन्माने गुलाम, पण अलाबामातली टस्कीगी ही कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था त्यांनी उभी केली होती. वंशद्वेषाची झळ काय असते हे ज्यू माणसाला इतर गोऱ्यांपेक्षा जास्त कळते, असे रोझेनवाल्ड म्हणत. १९१२ मध्ये, पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांनी टस्कीगीला २५ हजार डॉलर दिले. त्यातल्या थोड्या रकमेतून वॉशिंग्टन यांनी अलाबामात सहा खेड्यांतल्या शाळा बांधायला घेतल्या.

१९३२ पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी अशा ४,९७७ शाळा झाल्या. वीज नसलेल्या खेड्यांसाठी त्यांचे नकाशे मुद्दाम आखलेले. उंच खिडक्यांची सलग रांग, आणि मुलांच्या वहीवर दिवसभर उजेड पडेल अशी इमारतीची दिशा. आयुष्यभर अंधाऱ्या वर्गांत शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या खिडक्यांचेच सर्वांत जास्त अप्रूप वाटते.

पण पूर्ण पैसा रोझेनवाल्ड यांनी कधीच दिला नाही. गावाने आपला वाटा उचलायचा आणि सरकारी शाळा मंडळानेही पैसा घालून शाळा आपल्या ताब्यात घ्यायची, अशी अट होती. गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी लाकूड दिले, अंगमेहनत दिली, शाळेच्या नावाने कापूस लावला. गुलामीचे दिवस पाहिलेल्या अलाबामातल्या एका म्हाताऱ्याने जुनी पिशवी टेबलावर रिकामी केली, त्यात त्याची आयुष्यभराची ३८ डॉलरची पुंजी होती. अखेरच्या हिशेबात या लोकांची वर्गणी सुमारे ४७ लाख डॉलर भरली, रोझेनवाल्ड यांच्या निधीपेक्षाही थोडी जास्त.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. हे लोक कर भरतच होते, तो पैसा गोऱ्यांच्या शाळांकडे वळत होता, म्हणजे आपल्या मुलांसाठी त्यांना दोनदा पैसे मोजावे लागले. शिवाय गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या. मला हे बोचते. तरीही एकूण २ कोटी ८४ लाख डॉलरच्या खर्चात जवळपास दोन तृतीयांश पैसा सरकारी तिजोरीतून निघाला. एरवी हात आखडणाऱ्या मंडळांना या अटीने खर्च करायला लावले, हे मला फार मोठे वाटते.

नावाचा सोस त्यांना नव्हता. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयाला लाखो डॉलर देऊनही त्याला आपले नाव नको म्हणाले. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत निधी संपवून टाका, असे सांगून ठेवले. १९३२ मध्ये ते गेले, १९४८ मध्ये निधी बंद झाला. तोवर त्याच्या शिष्यवृत्त्या गायिका मारियन अँडरसन आणि कवी लँग्स्टन ह्यूज यांच्यापर्यंत पोचल्या होत्या. नागरी हक्कांच्या लढ्यातले जॉन लुईस लहानपणी अशाच एका शाळेत शिकले.

येत्या ग्रामसभेत मी एवढेच मांडणार आहे: कंपनीने पत्रे द्यावेत, जिल्हा परिषदेने देखभालीची लेखी हमी द्यावी, आणि वर चढायला गावातून दर घरटी एक माणूस यावा. माझे नाव पहिले लिहावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. सातारा