अर्थमंत्र्यांना खुले पत्र : हातात न आलेल्या पैशावरचा कर

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,

सादर नमस्कार.

2012 साली लागू झालेला एंजल टॅक्स (नोंद नसलेल्या कंपनीने रास्त किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर देऊन उभारलेल्या पैशावरचा कर) आपल्या सरकारने जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द केला. पुढच्याच अर्थसंकल्पात स्टार्टअपसाठीच्या फंड ऑफ फंड्सला (स्टार्टअपमध्ये पैसा लावणाऱ्या निधींना पैसा पुरवणाऱ्या सरकारी निधीला) आणखी 10,000 कोटी रुपये देण्याची घोषणा झाली. दोन्ही निर्णय चांगले होते. पैसा लावणाऱ्यांचे म्हणणे सरकारने ऐकले. आता त्याच कंपन्यांत कमी पगारावर राबणाऱ्यांचेही, त्यांना पगाराचा भाग म्हणून मिळणाऱ्या शेअरवरच्या कराबद्दल, ऐकावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सनदी लेखापाल आहे. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्यांत स्टार्टअपमधले इंजिनिअर, डिझायनर, ग्राहकसेवेतली मुलेमुली पुष्कळ असतात. नोकरी घेताना त्यांना सांगितलेले असते की पगार थोडा कमी आहे, पण ईसॉप आहेत, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क (ऑप्शन) आहे. 2018 मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा अनेक कर्मचाऱ्यांना ईसॉपचे खरे पैसे मिळाले. तेव्हापासून हे आश्वासन प्रत्येक ऑफर लेटरमध्ये दिसते आणि तरुण मंडळी त्यावर मनापासून विश्वास ठेवतात.

प्रश्न येतो तो करापाशी. ऑप्शन वापरून शेअर घेतला, की त्या दिवशीची रास्त बाजार किंमत आणि कर्मचाऱ्याने मोजलेली किंमत यांतला फरक पगाराचे उत्पन्न धरला जातो. समजा, एकीने 10 रुपये भावाने 1,000 शेअर घेतले आणि मूल्यांकन निघाले 1,010 रुपये. तिचे उत्पन्न कागदावर 10 लाखांनी वाढले. ती 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह 3 लाख 12 हजारांचा कर झाला. शेअर मात्र ती विकू शकत नाही. कंपनी बाजारात नोंदलेली नाही, आणि संचालक मंडळाच्या परवानगीशिवाय शेअर दुसऱ्याला देता येत नाही. कर भरायचा तो बचतीतून, नाहीतर कर्ज काढून.

पुढे कंपनीचे बिनसले तर काय होते, ते अधिक वाईट आहे. व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे नव्या कंपन्यांत इतरांचा पैसा गुंतवणारे निधी, साधे शेअर घेत नाहीत, ते अग्रहक्क समभाग घेतात. त्यांत लिक्विडेशन प्रेफरन्सचे कलम असते. कंपनी विकली गेली की गुंतवलेली रक्कम आधी फंडांना मिळते, उरले तर बाकीच्यांना. फंडांनी 300 कोटी लावले आणि कंपनी 280 कोटींना गेली, तर साधे शेअर असलेल्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला एक रुपयाही येत नाही. वरच्या उदाहरणातल्या मुलीचा तोटा मग भांडवली तोटा ठरतो, आणि तो पगारातून वजा करता येत नाही. म्हणजे जे उत्पन्न तिला कधी मिळालेच नाही, त्याचा कर सरकारजमा होतो आणि तिथेच राहतो.

या कलमाला माझा विरोध नाही. फंडाचा पैसाही दुसऱ्यांचाच असतो आणि साधारण दहा वर्षांत तो परत करायचा असतो. वीस-तीस कंपन्यांतल्या बहुतेक बुडतात, एखाददुसरी सगळ्यांची भरपाई करते. एवढी जोखीम घेणाऱ्याने आपला पैसा आधी मागितला तर ते समजण्यासारखे आहे. पण फंडाची जोखीम अनेक कंपन्यांत वाटलेली असते, कर्मचाऱ्याची सगळी एकाच कंपनीत, तिथेच नोकरी, तिथेच शेअर. आणि कर? पहिल्या व दुसऱ्या वर्गातल्या पर्यायी गुंतवणूक निधींमधून (व्हेंचर कॅपिटल फंड यांतच येतात) पैसा लावणारा भांडवली नफ्यावर कर देतो तो शेअर विकला गेल्यावर. कर्मचारी देतो शेअर हाती येताच. ज्याची ऐपत कमी, त्याच्याकडून आधी वसुली, हे मला अन्यायाचे वाटते.

2020 मध्ये सरकारने यावर सवलत दिली, म्हणजे हा कर काही काळ पुढे ढकलण्याची मुभा दिली, हे मला ठाऊक आहे. पण ती करसवलतीसाठी स्टार्टअपची पात्रता ठरवणाऱ्या आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरतीच आहे. उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने मान्यता दिलेले स्टार्टअप दीड लाखाहून अधिक आहेत, हे प्रमाणपत्र मिळालेले त्यांतले काही हजारच. सवलत मिळालेल्यांचीही मुदत करनिर्धारण वर्ष (शेअर घेतल्याच्या आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष) संपल्यानंतर 48 महिन्यांत संपते, आणि त्याआधी नोकरी सोडली तर तेव्हाच. मग 14 दिवसांत कर द्यावा लागतो. कपातीत नोकरी गेलेल्या माणसाला नेमक्या त्याच पंधरवड्यात लाखोंचा कर मागणे कोणत्या हिशेबात बसते?

माझी मागणी कर माफ करण्याची नाही. ईसॉप हा पगाराचाच भाग आहे, हे मान्य. पगाराच्या दरानेच कर घ्या, फक्त शेअर विकून पैसे हातात आल्यावर घ्या, आणि जेवढे आले तेवढ्यावरच घ्या. विभागाची मान्यता असलेल्या प्रत्येक स्टार्टअपच्या कर्मचाऱ्याला ही तरतूद लागू करा. 48 महिन्यांची आणि नोकरी सोडण्याची अट काढून टाका. महसूल थोडा उशिरा येईल, आणि जे उत्पन्न झालेच नाही त्याचा येणार नाही. तो मागण्याचा हक्क सरकारला असू नये.

दुसरी मागणी माहितीची. 2016 पासून सिडबी या लघुउद्योग विकास बँकेमार्फत फंड ऑफ फंड्सचा पैसा बाजार नियामक सेबीकडे नोंदलेल्या निधींना दिला जातो. घेतलेल्या रकमेच्या किमान दुप्पट पैसा स्टार्टअपमध्ये गुंतवण्याची अट त्यांना आधीच आहे. तिला आणखी एक जोड द्या : अशा निधीचा पैसा घेणाऱ्या कंपनीने ईसॉप असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा लेखी कळवावे, की त्या कर्मचाऱ्याच्या शेअरच्या पुढे किती कोटींचा अग्रहक्क उभा आहे आणि कंपनी किती रकमेला विकली गेली तर त्या कर्मचाऱ्याला काही मिळेल. हा हिशेब कंपनीकडे आणि गुंतवणूकदारांकडे तयारच असतो. आज तो फक्त कर्मचाऱ्याला दाखवला जात नाही, आणि कर्मचारी अंधारात राहून कर भरायचा की ऑप्शन सोडून द्यायचे हे ठरवतो. नोकरी सोडताना त्यासाठी अनेक कंपन्या जेमतेम तीन महिने देतात.

अर्थसंकल्पापूर्वी आपण उद्योगसंघटनांना आणि गुंतवणूकदारांना चर्चेला बोलावता. या वर्षी त्या बैठकीत ज्यांची कंपनी बंद पडली किंवा तोट्यात विकली गेली, अशा चारदोन कर्मचाऱ्यांनाही बोलवा. करभरणा पावत्या ते सोबत आणतील.

आपली विश्वासू,
एक सनदी लेखापाल