लेकीच्या दाराशी लावायचं झुडूप

ठाणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

लेकीच्या नव्या घराचे फोटो पोचले. बोस्टनच्या थंडीत तुम्ही दोघं रमलात हे वाचून बरं वाटलं. दाराशी शेजाऱ्यांसारखंच लालभडक झुडूप लावावं म्हणतोस. फांद्यांवर बुचासारखे चपटे पंख दिसतात, म्हणजे ते बर्निंग बुश. दिसतं देखणं, पण ते लावू नकोस. ते मूळचं चीन-जपानकडचं. पाखरं त्याच्या बिया खातात आणि रानात टाकतात, मग तिथली झाडं त्याच्या गर्दीत दबून जातात. तुमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच्या विक्रीवर बंदीच आहे. शेजाऱ्यांचं जुनं असणार.

त्यापेक्षा हायबुश ब्लूबेरी लाव. ती तिथल्याच मातीतली. वसंतात घंटेसारखी पांढरी फुलं, उन्हाळ्यात नातवाला फळं आणि ऑक्टोबरात तुला हवा तो लाल रंग. दोन वेगळ्या जातींची रोपं जवळजवळ लावलीस तर फळ जास्त धरेल. माती मात्र आंबट हवी, पीएच साडेचार ते साडेपाच. आधी तपासून घे. जागा उरली तर फॉदरगिला. तिच्या एकाच झुडपावर पिवळा, नारिंगी, लाल असे सगळे रंग उतरतात. काहीही लाव, पण उन्हात. पानातलं हिरवं द्रव्य ओसरलं की आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र पान तेव्हा नव्याने तयार करतं, आणि त्याला स्वच्छ ऊन आणि गार रात्री लागतात. सावलीतलं झुडूप फिकटच राहतं.

तू पाठवलेलं 'ऑटम लीव्ह्ज' हे गाणं काल रात्री पेटीवर बसवत होतो. जोसेफ कोस्माची ही चाल 1945 ची, मूळ शब्द फ्रेंच, झाक प्रेव्हेरचे. इंग्रजी शब्द जॉनी मर्सरने नंतर लिहिले, आणि 1955 मध्ये रॉजर विल्यम्सने शब्दांशिवाय, पियानोवर ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. चालीची बांधणी बघ: चार सुरांची लहानशी चढण, शेवटच्या सुरावर थांबणं, आणि मग तोच तुकडा एकेक सूर खाली. दर वेळी वर जायला बघते आणि आधीपेक्षा खालीच थांबते. शब्द कळले नाहीत तरी काहीतरी हातून सुटतंय हे बोटांना कळतं. मी ती पुन्हा पुन्हा वाजवली, शेवटी हिने दिवा मालवला.

आपल्या गाण्यांत पानगळीचा असा विरह मला फारसा आठवत नाही. आपल्याकडे विरह येतो तो श्रावणात, भरल्या आभाळाखाली. येऊरच्या रानात कुसुमाला फाल्गुनाच्या सुमारास पालवी फुटते ती लालबुंद, आणि तुमच्याकडच्या लाल पानांत असतं तेच द्रव्य या कोवळ्या पानांतही. आमच्या गल्लीतला बदाम तेवढा तुमच्यासारखा, गळायच्या आधी लाल होतो.

पण झाड आणि लेक म्हटलं की मला आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम आठवतात. 'कल्पवृक्ष कन्येसाठी' आठवतं ना? वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. रेडिओवर 'आपली आवड'ला लागलं की तुझी आई हातातलं काम थांबवायची. लावणारा गेला, झाड बहरलं, आणि लेक त्याला बघायला बोलावते आहे. ते ऐकताना माझा अजून गळा दाटतो. तुझं तसं नाही, मंदार. तू हाताने लावशील आणि पुढच्या ऑक्टोबरात स्वतः तिच्या पायरीवर बसून बघशील. म्हणून वाटतं, जे लावशील ते तिच्या अंगणाबाहेरच्या रानालाही मानवणारं असावं.

जमीन गोठायच्या आत रोपं मिळाली तर आताच लाव, नाहीतर वसंतात. बुंध्याभोवती पाइनच्या सालीचा थर दे, पहिला उन्हाळा पाणी चुकवू नकोस. सशांचा त्रास असेल तर जाळी लाव. कुठली जात मिळाली ते कळव.

वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
श्रीकांत