हिरव्या टोपीच्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. वनउद्यानात रोज सकाळी विटक्या हिरव्या टोपीत दिसणारे तुम्हीच, एवढी खूण पुरे.

८×४२ ची दुर्बीण म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, एवढं मला ठाऊक होतं. पण दुर्बिणीतून पक्षी शोधायचा नसतो, हे तुम्ही सांगितलंत. आधी नुसत्या डोळ्यांनी तो हेरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची. पिवळाधमक हळद्यासुद्धा पानांत कसा गडप होतो, हे ज्याने पाहिलंय त्याला या युक्तीचं मोल कळेल.

खरे आभार मात्र कानांसाठी. सातभाई पक्ष्यांच्या थव्याने एकाएकी गिल्ला केला, खारीने शेपटी झटकत चिरचिर लावली आणि तुम्ही हातानेच मला थांबवलंत. "त्यांच्याकडे नको, ते कुणाकडे बघतायत तिकडे बघा." दाट फांदीत शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, बसला होता! आणि लगेच सावधही केलंत: कोतवाल पक्षी शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, बाकीचे घाबरून उडाले की त्यांचं भक्ष्य पळवतो. तेव्हा नुसत्या आवाजावर विसंबायचं नाही. (हा लबाड मला आता शिक्र्याहून जास्त आवडतो.) मुंगूस, साप, मांजर, काहीही असो, वर्दी आधी सातभाईच देतात. आता मी चालते कमी आणि उभीच जास्त असते.

वाळलेलं झाड का ठेवलंय, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही फांदीच्या खालच्या अंगाला असलेलं गोल भोक दाखवलंत. तांबट पक्षी असल्याच मऊ, वठलेल्या लाकडात घर कोरतो. सुतारपक्ष्याने सोडलेल्या ढोलीत पुढे मैना, पोपट, दयाळ राहायला येतात. झाड मेलं तरी बिऱ्हाडं चालूच.

आणि त्या दिवशीचं राहिलंच. दयाळाच्या घरट्यापाशी काहीजण मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवत होते. तुमच्या जागी मी असते तर भांडले असते. तुम्ही शांतपणे समजावलंत, की त्याला हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखं वाटतं, पिलांना भरवायचं सोडून तो हुसकवायला धावतो. त्यांनी मुकाट्याने मोबाइल खिशात घातला.

मी आता ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकते. यादीत निरीक्षक किती, असा एक रकाना असतो. तुम्ही सोबत असलात की तिथे २ लिहिते. पुढच्या भेटीत नाव सांगा, शेऱ्यात घालायचंय. चालेल ना?

तुमची,
दुर्बीणवाली