जपानी गाण्यांचे कवी कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या जपानी पॉप गाण्यांवरचा पानभर लेख वाचला. पान देखणं झालंय. आमच्याकडे ते अजून रद्दीत गेलेलं नाही, तेव्हा ही तक्रार प्रेमापोटी आहे असं समजावं. लेखात प्रत्येक गाण्यापुढे गायक-गायिकेचं नाव आहे, फोटो आहे, यूट्यूबवर ते किती वेळा वाजलं त्याचा आकडा आहे. गाणं लिहिलं कुणी आणि चाल कुणाची, हे मात्र एकाही गाण्यापुढे नाही. रेडिओवर निवेदिकेच्या तोंडून गीतकार आणि संगीतकार ऐकल्याशिवाय गाणं सुरू झालं असं ज्यांना वाटतच नाही, त्या पिढीतली मी. गदिमा आणि बाबूजी ही नावं आम्ही एका दमात घेतो. मग जपान्यांनाच वेगळा न्याय का?

मी चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत जपानी दुभाषी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. दिवसा साचे, टॉलरन्स आणि रिजेक्शनच्या मीटिंगा, आणि रात्री साहेब मंडळींबरोबर कराओके. या दुसऱ्या कामाचा वेगळा पगार मिळत नसे, पण जपानी मला खरं तिथेच समजलं. कराओकेच्या पडद्यावर शब्द सुरू होण्याआधी गाण्याचं नाव येतं आणि त्याच्याबरोबर कवीचं आणि संगीतकाराचं. आमचे एक उत्पादनप्रमुख होते, एरवी मशीनच्या आवाजापलीकडे कुठल्याही आवाजाची दखल न घेणारे. पण पडद्यावरचं कवीचं नाव वाचून ‘हं, आकु-सान’ (म्हणजे कवी आकु यू, ते पुढे येतीलच) असं पुटपुटल्याशिवाय ते माइक हातात घेत नसत. सूर बेताचाच होता, पण रीत पक्की.

यात नुसता आदर नाही, पैशाचाही हिशोब आहे. कराओकेमध्ये मूळ गायकाचा आवाज नसतोच, गातो तो गिऱ्हाईक. त्यामुळे तिथलं मानधन जपानच्या ‘जासराक’ या संस्थेमार्फत कवी आणि संगीतकाराला जातं, गायकाला नाही. गल्लीतल्या बारमध्ये कुणी बेसूर गायलं तरी कवीच्या घरी चार येन पोचतात. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना मानधनाचा न सोडता येणारा हक्क कायद्याने मिळाला तो २०१२ साली, कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. तोवर किती जणांनी एकरकमी पैसे घेऊन कागदावर सह्या केल्या, ते आपल्या सिनेपानांच्या वाचकांना मी सांगायला नको.

आता लेखातल्या पहिल्याच गाण्याकडे वळते. ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे जगाने ‘सुकियाकी’ या नावाने ऐकलेलं. (सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, परदेशी कंपनीला उच्चारायला सोपा पडला एवढंच.) लेखात याला ‘साकामोतो क्यू यांचं हळवं प्रेमगीत’ म्हटलंय. १९६१ सालचं गाणं, जून १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर, आणि तिथे तीन आठवडे. हे सगळं बरोबर आहे. पण कवी एइ रोकुसुके. १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध टोकियोत लाखो माणसं रस्त्यावर उतरली होती आणि करार तरीही झाला. त्या हरलेल्या मनःस्थितीतून हे शब्द आले, हे जपानमध्ये सर्वश्रुत आहे. अश्रू खाली सांडू नयेत म्हणून वर बघत चालणारा तो एकटा माणूस प्रेयसीसाठीच रडतोय असं कुठल्याच ओळीत नाही. ऐकणाऱ्याने आपलं दुःख त्यात घालावं म्हणून कवीने ती जागा मोकळी ठेवली आहे. आणि ज्या देशाबरोबरच्या करारापायी हे झालं, त्याच देशात ते गाणं पहिलं आलं! कवीचं नाव गाळलं की हा सगळा मामला नाहीसा होतो आणि उरतं ते शीळ घालणारं गोड गाणं.

चाल नाकामुरा हाचिदाई यांची, मूळचे जाझ पियानोवादक. रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ. म्हणून जपानी लोक या तिघांना ‘सहा-आठ-नऊ’ म्हणायचे. आपण त्यातला फक्त नऊ छापलात. साकामोतो १२ ऑगस्ट १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले, त्यांच्यासह ५२० माणसं गेली. ते लेखात आहे आणि नीट लिहिलंय.

मला खरी हळहळ वाटली ती आकु यू यांच्यासाठी. आवाजी बेटावर जन्मलेला हा माणूस, पाच हजारांहून जास्त गाणी लिहिली, २००७ साली गेला. लेखात त्यांची तीन गाणी आहेत आणि त्यांचं नाव शून्य वेळा. १९७७ हे एकच वर्ष घ्या. जानेवारीत इशिकावा सायुरी यांच्या आवाजात ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ (त्सुगारु सामुद्रधुनीतलं हिवाळी दृश्य) आलं, चाल मिकी ताकाशी यांची. डिसेंबरात पिंक लेडी या दोघींचं ‘यूएफओ’ आलं, चाल तोकुरा शुनइची यांची. पहिल्यात टोकियो सोडून उत्तरेकडे परतणारी, बोटीवर थंडीने गारठणारे समुद्रपक्षी बघत रडणारी बाई. दुसऱ्यात पृथ्वीवरच्या पुरुषांना कंटाळून परग्रहावरच्याच्या प्रेमात पडलेली मुलगी, आणि गाणाऱ्या दोघींच्या हातवाऱ्यांची नक्कल करणारी जपानभरची शाळकरी पोरं. दोन्ही एकाच लेखणीची. गायिकांची नावं तेवढी छापली की ही दोन गाणी एकमेकांची कुणी लागतात हे वाचकाला कळणारच नाही.

‘त्सुगारु’ची सुरुवात जरूर बघा. टोकियोच्या उएनो स्टेशनातून रात्रीची गाडी सुटते आणि त्याच दमात उत्तरेचं आओमोरी स्टेशन येतं, बर्फात. मधली अख्खी रात्र कवीने गाळली. शेकडो किलोमीटरचा प्रवास, एक शब्द नाही. कारण ती बाई त्या रात्री खिडकीबाहेर बघतच नव्हती, असं आपलं मला वाटतं. पुढे बोटीकडे निघालेली गर्दी, कुणी कुणाशी बोलत नाही, फक्त समुद्राची गाज. होन्शू आणि होक्काइदो या बेटांना जोडणारी ती बोट मार्च १९८८ मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाल्यावर बंद पडली. गाणं बंद पडलं नाही. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरीच्या ‘कोहाकु’ या गाण्यांच्या कार्यक्रमात इशिकावाबाई बरीच वर्षं ते आणि आपलं दुसरं एक गाणं आलटून पालटून म्हणत आल्या आहेत.

होन्शूच्या उत्तरेला, त्या सामुद्रधुनीच्या काठी, तप्पी भूशिरावर या गाण्याचं स्मारक आहे. काळसर दगडावर शब्द कोरलेले आणि मधे एक लाल बटण. बटण दाबलं की दुसरं कडवं मोठ्ठ्याने वाजतं, तेच, ज्यात तप्पीचं नाव येतं. मी गेले तेव्हा वारा असा होता की छत्री उघडायची सोय नव्हती आणि कडवं तरीही स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्या पुढे एक आजोबा होते. कडवं संपलं की पुन्हा बटण दाबत. बायको गाडीतून हाका मारत होती, तरी ते हलेनात.

आणखी एक जोडी सांगते, कारण मराठी वाचकाला ती लगेच कळेल. ‘मोमेन नो हांकाचीफु’, १९७५, गायिका ओता हिरोमी, शब्द मात्सुमोतो ताकाशी, संगीत त्सुत्सुमी क्योहेइ. मुलगा गाव सोडून शहरात जातो, मुलगी मागे राहते. चार कडवी म्हणजे दोघांची उत्तरं-प्रत्युत्तरं. तो म्हणतो, तुला शहरातली छान छान वस्तू पाठवतो. ती म्हणते, नको, तू तसाच परत ये. असं करत करत शेवटी तो सरळ सांगतो की आता येणार नाही, आणि ती पहिल्यांदाच काहीतरी मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. आमच्या आजोळी, देवगडकडे, गिरणीत गेलेल्या चाकरमान्यांच्या अशा कहाण्या घरटी होत्या. एकच गायिका दोघांचंही बोलणं गाते आणि एकाही कडव्यात आवाज बदलत नाही. हे कवीने बेतलेलं आहे. गायिकेने ते सांभाळलं, तिचं कौतुक आहेच.

लेखाचा अर्धा भाग ‘सिटी पॉप’ला, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या शहरी थाटाच्या जपानी पॉपला दिलाय, त्याबद्दल माझं म्हणणं थोडकं आहे. ताकेउची मारिया यांचं १९८४ सालचं ‘प्लास्टिक लव्ह’ त्यांनी स्वतःच लिहिलं आणि स्वरबद्धही केलं, तेव्हा तिथे तक्रारीला जागा नाही. ते गाणं सुरेख आहे, पण त्याची हुरहुर माझ्या वयाच्या जपानी मैत्रिणींना नाही, कारण त्या काळी ते फारसं चाललंच नव्हतं. ती हुरहुर जकार्तातल्या, लॉस एंजेलिसमधल्या आणि कर्वेनगरमधल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांची आहे. असू दे की. त्यातलीच काही मुलं मग जपानीच्या क्लासला येतात. मात्र ‘मायोनाका नो दोआ’ नुसतं मात्सुबारा मिकी यांच्या नावावर टाकू नका. १९७९ साली ते गायल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. शब्द मिउरा योशिको यांचे, संगीत हायाशी तेत्सुजी यांचं.

आता कुणी म्हणेल, बाई गायकांच्या विरुद्ध आहेत. नाही हो. जपानमध्ये सर्वांत जास्त खपलेलं सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली तबकडी) म्हणजे लहान मुलांच्या कार्यक्रमातलं ‘ओयोगे! ताइयाकी-कुन’, १९७५ च्या नाताळात निघालेलं. रोज लोखंडी साच्यात भाजलं जाण्याला वैतागून माशाच्या आकाराचा एक गोड केक दुकानदाराशी भांडतो आणि समुद्रात उडी मारतो. मुलांपेक्षा नोकरदार बापांनीच ते डोक्यावर घेतलं. पंचेचाळीस लाखांहून जास्त प्रती गेल्या आणि गायक शिमोन मासातो यांना मिळाले एकरकमी पन्नास हजार येन. म्हणजे इथे अन्याय गायकावर झाला. त्यांचं नाव छापा, आणि ताकादा हिरोओ हे कवी, सासे जुइची हे संगीतकार, हेही छापा.

लेखाच्या शेवटी ‘पुढील भाग येत्या रविवारी’ असं आहे. त्यात प्रत्येक गाण्याखाली बारीक टाइपात एक ओळ वाढवली तरी काम होईल. जागा कमी पडली तर व्ह्यूजचा आकडा काढा, तसाही तो छापून येईपर्यंत शिळा होतो. गेल्या भागातल्या गाण्यांची नावं जुळवून मी सोबत वेगळ्या कागदावर दिली आहेत. अक्षर लागलं नाही तर मोबाइल नंबर खाली आहे, तो कृपया छापू नये.

आपली,
एक निवृत्त दुभाषी,
कोथरूड, पुणे