मार्कांवरून पोराचं डोकं ठरवू नकोस रे

प्रिय मिलिंद,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "पोराला डोकंच नाही रे, गणितात कसाबसा पास झाला", ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि तू ऐकून घ्यायच्या मूडमध्ये नव्हतास म्हणून आता नीट लिहितोय.

बुद्धी मोजायची पहिली व्यवहारात चालणारी चाचणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी बनवली, ती कशाला तर शाळेत मागे पडणारी मुलं शोधून त्यांना जास्त मदत देता यावी म्हणून. बुद्धी वाढवता येते असं बिनेचं म्हणणं होतं. पुढे लोकांनी त्याच चाचणीतून येणाऱ्या आकड्याचा शिक्का केला, आणि तू पण तेच करतोयस.

आमच्या गोव्यात पेडण्याला दशावतार बघतो तेव्हा मला हे फार जाणवतं. लिहिलेले संवाद नसतात रे! संध्याकाळी तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि मग रात्रभर समोरच्याच्या वाक्यावर वाक्य सुचेल तसं बोलायचं. गेल्या जत्रेत नारद झालेला नट भलतीकडेच वाहवत गेला, कथा हातातून सुटायला लागली, तर समोरच्या कृष्णाने त्याचाच एक शब्द उचलून दोन वाक्यांत त्याला परत वाटेवर आणला, आणि पेटीवाल्याने लगेच सूर धरला, लोकांना पत्ता पण लागला नाही. पुराणं पाठ, भाषेवर पकड, समोरच्याच्या मनात काय चाललंय त्याचा अंदाज, हे सगळं एका क्षणात. तो कृष्ण दिवसा काजूच्या बागेत काम करतो. कुठल्या पेपरात मोजणार हे?

आणि खाजन शेती बघ, खाडीकाठी बांध घालून केलेली. बांधातल्या मानशीचा, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेचा, दरवाजा भरतीच्या पाण्याने आपोआप बंद होतो, ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबाने उघडतो, वीज नाही की मोटर नाही. हे ज्यांनी बसवलं त्यांचं नाव पण कोणाला माहीत नाही.

हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये सात प्रकारच्या बुद्धी मांडल्या, भाषेची, गणिताची, संगीताची, शरीराची, जागेची, दुसऱ्याला ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची. बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना ते मान्य नाही, कारण स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्येच दाखवलं होतं की एका विषयात चांगली असणारी मुलं बहुतेक वेळा दुसऱ्यातही बरी असतात. तेही खरंच आहे, म्हणून गणित सोडून दे असं मी म्हणत नाही, शिकवणी चालू ठेव. पण समोरच्याची हुशारी दिसायला आपल्याला त्या कामातलं थोडं तरी कळावं लागतं, हे मला पक्कं वाटतं. वहिनी सांगत होत्या की तुझ्या पोराने बंद पडलेला मिक्सर कोणी न शिकवता खोलून चालू केला, आणि तू त्याला "टाईमपास" म्हणालास. अरे, कुठली वायर तुटली, कशी शोधली, एकदा तरी विचारलंस का त्याला? त्याच्या शेजारी बसून बघ तो काय करतो ते, मध्ये बोलू नकोस. मग मला लिही.

आयटीआयबद्दल मी इकडे एका ओळखीच्या सरांशी बोलून ठेवलंय, पण त्याला स्वतःला काय हवंय ते आधी विचार, मग मी पुढचं बघतो.

तुझा,
संजू