अण्णांच्या उशाशी असलेलं मशीन

धनकवडी, पुणे ४३
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

अण्णांच्या तेराव्याला आलो तेव्हाच हे बोलायचं होतं. पण मांडवात माणसं होती, काकू समोर बसल्या होत्या, आणि तात्या ज्या आवाजात बोलत होते त्यापुढे माझा आवाज चढवणं बरं दिसलं नसतं. परवा रात्री तुझा फोन आला. तू म्हणालास, "विज्या, मशीन लावायला मी सही केली म्हणून अण्णांचे अकरा दिवस हाल झाले, आणि शेवटी मीच नको म्हणालो म्हणून ते गेले." दोन्ही गोष्टी एका दमात स्वतःच्या माथी मारून घेतल्यास. मला फोनवर काही सुचेना. म्हणून लिहायला बसलोय. न्यूरो आयसीयूत, म्हणजे मेंदूच्या पेशंटांच्या अतिदक्षता विभागात, ब्रदर म्हणून बारा वर्षं काढली, जिवलग मित्राला एवढं तरी नीट सांगता यायला हवं.

आधी मशीनचं. लोकांच्या मनात व्हेंटिलेटर हा शब्द बसला तो २०२० आणि २१ साली. कोरोनात माणसांची फुप्फुसं निकामी व्हायची, मशीनवर जायची, आणि त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. तेव्हापासून गावोगाव एकच समजूत: मशीन लावलं की संपलं, पुढचे दिवस नुसते बिलाचे. तात्या तेच बोलत होते. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचा सख्खा साडू त्याच लाटेत गेला.

पण अण्णांची फुप्फुसं ठणठणीत होती रे. सत्तरीला टेकलेला माणूस, रोज मेणवलीपर्यंत चालत जाऊन यायचा. मशीन लावलं ते मेंदूसाठी. ही एक गोष्ट तुझ्या मनात पक्की बसली, तर माझं निम्मं काम झालं.

गच्चीच्या जिन्यावरून ते पडले आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, त्यामुळे कवटीच्या आत रक्त साचत गेलं. वाईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'जीसीएस ६' लिहिलं होतं, ती चिठ्ठी तू मला मोबाइलवर पाठवलीस. जीसीएस म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजायचे गुण. डोळे किती उघडतो, बोलतो काय, हातपाय कसे हलवतो, याचे मिळून १५ गुण असतात. कमीत कमी ३. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही पद्धत बसवली आणि आज जगभर हीच चालते. आकडा ८ किंवा त्याच्या खाली आला, तर पेशंटला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येत नाही असं धरतात. जीभ मागे पडते, लाळ नाहीतर उलटी छातीत उतरते, श्वास मध्येच थांबतो, मध्येच घाईने चालतो. म्हणून तिथल्या तिथे तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली. त्या डॉक्टरांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांनी वेळ घालवला नाही.

आता मेंदूचं बघ. पाय मुरगळला की घोटा सुजतो, कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. कवटी ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि पाणी अशी तिघांची वाटणी ठरलेली, एकाने पाय पसरले की दुसऱ्याला आखडावं लागतं. आखडायला जागा उरली नाही की दाब चढतो आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठाच तुटायला लागतो. श्वासाचा संबंध इथे येतो. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, त्या जास्त जागा खातात. उलट श्वास फार जोरात चालला तर तो वायू नको इतका कमी होतो, वाहिन्या आकसतात, दाब उतरतो खरा, पण आधीच घायाळ झालेला मेंदू उपाशी राहतो. म्हणजे दोन्हीकडून मरण. मधली वाट म्हणजे रक्तातल्या त्या वायूचा आकडा ३५ ते ४५ मध्ये ठेवायचा. ती वाट रात्रंदिवस धरून ठेवायची तर बेशुद्ध माणसाच्या श्वासावर भरवसा ठेवून भागत नाही. मनगटातून सारखं रक्त का काढतात म्हणून ताई चिडली होती ना? तो आकडा बघायलाच काढायचे.

आणि आता जे सांगतो ते नीट वाच. अण्णांना पुण्याला आणताना शिरवळपासून कात्रजपर्यंत नळीला जोडलेला श्वास देणारा फुगा तू दाबत होतास. १०८ अँब्युलन्समधल्या माणसाला सक्शन करायचं होतं, म्हणजे नळीतला कफ ओढून काढायचा होता, सलाइन सांभाळायचं होतं, म्हणून त्याने फुगा तुझ्या हातात दिला आणि सांगितलं, पाचापर्यंत मोज आणि मगच दाब. तू मोजत राहिलास. मला सांगताना तुझा हात तसाच उघडमिट होत होता. घाबरलेला माणूस भराभर दाबतो, चांगली शिकलेली माणसंही दाबतात, आणि त्याने मेंदूच्या वाहिन्या आकसतात. तू पाच मोजलेस. पुण्यात पोचल्यावर पहिल्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड ३७ आला. तो कागदही तूच मला दाखवलास, पण त्याचा अर्थ तुला कोणी सांगितला नव्हता.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक हकिकत सांगितली होती, ती मी अजून विसरलेलो नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडायचे आणि अख्ख्या इस्पितळात श्वास देणारी मोठी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करवून नळी घालायला लावली आणि हाताने फुगा दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. मग वैद्यकीय कॉलेजची सुमारे पंधराशे पोरं पाळ्या लावून बसली, एकेका खाटेशी एकेक, आठवडेच्या आठवडे नुसता फुगा दाबत. आज जिला आपण आयसीयू म्हणतो, तिची सुरुवात तिथून झाली. दत्ता, त्या पोरांनी जे केलं तेच तू खंबाटकी उतरल्यावर हायवेवर केलंस. याला हाल करणं म्हणत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी ड्यूटी संपवून आलो होतो, आठवतंय? ते हॉस्पिटल माझं नाही, पण तिथल्या एका सिस्टरची ओळख निघाली आणि पाच मिनिटं आत जायला मिळालं. बाहेर आल्यावर मी तुला एवढंच म्हणालो, "बरोबर चाललंय." तेव्हा तू थकलेला होतास, म्हणून जास्त बोललो नाही. आज सांगतो काय पाहिलं ते. खाटेची उशाकडची बाजू तीस अंशांनी वर. मान सरळ, नाक छताकडे. काकूंनी घरून आणलेली उशी सिस्टरने काढून टाकली म्हणून त्या रडल्या होत्या, पण उशीने मान वाकते आणि मानेतल्या शिरा दबून डोक्यातलं रक्त उतरायचं थांबतं. डोळ्यांत मलम घालून पापण्या हलक्या चिकटवलेल्या, कारण बेशुद्ध माणसाची बुबुळं कोरडी पडून खराब होतात. ओठ ओले. तोंड स्वच्छ केलेलं, वास नाही. मशीनवरच्या माणसाला तोंडातले जंतू छातीत उतरून न्यूमोनिया होतो, त्यामुळे तोंड बघितलं की मला वॉर्ड कळतो.

नळी बांधलेली पट्टी मी मुद्दाम बोट घालून बघितली. ही माझी सवय नवखा असतानाच्या एका चुकीतून लागली. आमच्याकडे एक तरुण पोरगा होता, डोक्यात दाब मोजायची तार घातलेली. मी नळीची पट्टी बदलली आणि नळी निसटू नये म्हणून घट्ट आवळली. दाब १६ होता तो २६ वर गेला. २२ च्या वर गेला की आम्ही धावाधाव करतो. मी औषधाकडे धावलो. मोठ्या सिस्टर आल्या, मॉनिटरकडे बघितलंही नाही, सरळ त्याच्या मानेमागे हात घातला आणि पट्टी सोडली. माझ्यासमोर आकडा उतरत गेला, २३, २०, १७. "एक बोट गेलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. अण्णांच्या पट्टीत बोट गेलं.

हात बांधले होते ते तुला सगळ्यात जास्त लागलं, हे मला ठाऊक आहे. ज्या हातांनी आपल्याला कृष्णेत पोहायला शिकवलं ते हात खाटेला बांधलेले बघणं सोपं नाही. ड्यूटीवर मलाही ते बांधवत नाहीत. पण औषधाचा अंमल उतरला की पेशंट अर्धवट शुद्धीत पहिला हात नळीला घालतो, आणि नळी ओढून काढली तर दोन मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. पट्ट्या मऊ होत्या, मनगटावर वळ नव्हते, मी पाहिलं. शिवाय त्यांना दुखत नव्हतं. झोपेचं आणि वेदनेचं औषध पंपातून थेंबाथेंबाने चालू होतं. ते फक्त आरामासाठी नसतं. पेशंट खोकला, मशीनशी झगडला की डोक्यातला दाब उसळतो, म्हणून त्याला शांत ठेवावंच लागतं. सकाळी थोडा वेळ ते औषध कमी करून तपासतात, तेव्हाच तुम्हाला ते चुळबुळताना दिसले. तात्या म्हणतात ती तडफड ती नव्हे.

सुजेला जागा मिळावी म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेला कवटीचा तुकडा पोटाच्या कातडीखाली ठेवला होता, तो टाका बघून शेवटच्या अंघोळीच्या वेळी सगळे चमकले. तुकडा शरीरातच जिवंत राहावा आणि पुढे परत बसवता यावा, म्हणून ठेवतात. तो परत बसवायची वेळ आली नाही. पण तो अण्णांबरोबरच गेला, मागे कुठे राहिला नाही, हे काकूंना सांग.

सातव्या दिवशी गळ्याला छिद्र केलं, त्यावरही गावात बोललं गेलं. तोंडातली नळी फार दिवस ठेवली की घशात जखमा होतात. गळ्यातल्या नळीने कफ काढणं सोपं जातं, झोपेची औषधं कमी लागतात. नवले पुलाजवळ बाइकवरून पडलेला एक पोरगा आमच्याकडे होता, हेल्मेट नव्हतं. त्याचं हेच मशीन, हेच छिद्र, जवळजवळ हेच आकडे. चौथ्या आठवड्यात मशीन सुटलं, पुढे छिद्रही भरून आलं. अजून शब्द चाचपडतो, पण स्वतःच्या पायाने चालत आम्हाला भेटायला आला. पहिल्या दिवशी त्याच्यातला आणि अण्णांच्यातला फरक कुणालाच छातीठोकपणे सांगता आला नसता. तो कळायला दिवस जावे लागतात, आणि ते दिवस मशीन मिळवून देतं. तुझ्या सहीने अण्णांना ते दिवस मिळाले.

आता दुसरी गोष्ट. नवव्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला आत बसवून सांगितलं, की बुबुळं उजेडाला आकसत नाहीत, सक्शन करताना खोकला येत नाही, सूज मेंदूच्या देठापर्यंत पोचली आहे. त्या देठातच श्वासाचं केंद्र असतं. त्यांनी विचारलं, हृदय थांबलं तर छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न करायचा का? तू काकूंकडे बघितलंस आणि नको म्हणालास.

तू नको म्हणालास ते छाती दाबायला. मशीन शेवटच्या क्षणापर्यंत चालू होतं, औषधं चालू होती, कोणी काही काढून घेतलं नाही. हे तात्यांना स्पष्ट सांग, कारण त्यांच्या मनात तू मशीन बंद करायला सांगितलंस असंच बसलंय. छाती दाबून हृदय कधी कधी चालू होतं, पण मेंदूचा देठ त्याने परत येत नाही. मी कितीदा दाबली आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या तळहाताखाली मोडतात, तो आवाज मला झोपेत ऐकू येतो. जिथे त्याने काही साधणार नाही, तिथे घरच्यांशी बोलून तसं लिहून ठेवावं, अशा सूचना आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० साली काढल्या आहेत. म्हणजे डॉक्टरांनी तुला भलतं काही विचारलं नव्हतं, आणि तूही भलतं उत्तर दिलं नाहीस.

एक तक्रार माझीही आहे. अकरा दिवसांत तुम्हाला बाहेरच्या बाकावर यातलं काहीच कोणी समजावलं नाही. सह्या घेतल्या, औषधांच्या चिठ्ठ्या दिल्या, "क्रिटिकल आहे" एवढंच सांगितलं. आमच्याकडेही पुष्कळदा असंच होतं. पाच मिनिटं बसून उशी का काढली ते सांगितलं असतं, तर काकूंचं एक दुःख तरी वाचलं असतं. गेल्या आठवड्यापासून मी ठरवून नातेवाइकांना हे सांगतोय, मान दाखवून, तीस अंश दाखवून.

तू विचारलंस, मी हाक मारली तेव्हा अण्णांनी माझा हात दाबला का? नाही दाबला. दत्ता, तुला बरं वाटावं म्हणून मी यात खोटं घालणार नाही. हात गरम होता, नखं कापलेली होती, आणि मशीन मिनिटाला चौदा श्वास देत होतं. मी कानाशी जाऊन सांगितलं, "अण्णा, विजू आलाय, दत्ता बाहेर बसलाय." ऐकू गेलं की नाही, मला सांगता येत नाही.

येत्या रविवारी सुट्टी मिळाली आहे. स्वारगेटहून सकाळची पहिली वाई गाडी पकडतो. तात्यांनाही बोलावून ठेव, त्यांच्याशी मीच बोलतो, तू गप्प बस. काकूंना म्हणावं जेवायला आहे, पिठलं-भाकरीच करा, आणि उशीचं मी त्यांना स्वतः सांगेन.

तुझाच,
विजू